विलंब: एक मिनिट चाळीस सेकंद

हत्तीचा सांगाडा हळदीच्या गोदामात उभा राहिला,
कारण एवढं उंच दार मार्केट यार्डात दुसरं नव्हतं.
भिंतीवर पुराची रेघ, माझ्या खांद्याच्या वर वीतभर.
दस्तगीर शिकलगारनं तिच्यावरूनच माप धरलं:
"पोट हितं येऊ दे. पाणी आलं तरी हत्ती चालंल."
आम्ही हसलो.
मग कुणीच हसलं नाही.

पांडबा बुरुडानं ओले बांबू चिरले,
चुलीच्या धगीवर वाकवले,
आणि कान म्हणून दोन सुपंच लावली.
"सूप हा हत्तीचाच कान हाय," म्हणाला,
"बायकांनी मागून आणला, परत द्यायचा राहिला."
कान हलायला स्कूटरची ब्रेकवायर.
पापण्यांना खिडकीच्या बिजागऱ्या.
वरून कागदाचा लगदा: सौद्याच्या चिठ्ठ्या, तोलाईच्या पावत्या,
सोंडेवर अजून वाचता येतं, सतरा पोती, राजापुरी.
पांढरा रंग तीनदा दिला. तीनदा पिवळट आला.
बागेचे मालक म्हणाले, जाहिरातीत तर पांढरा छापलाय.
मी म्हटलं, लग्नघरातून आलाय, म्हणा.

पूर्वी मी विंगेत पुस्तक धरून बसायचे.
नटाचं वाक्य अडलं की पहिला शब्द द्यायचा,
इतका हळू, की पहिल्या रांगेला वाटावं
त्याचा श्वासच होता तो.
आता गळ्यात शिट्टी, हातात वॉकी,
आणि पुस्तकाऐवजी डांबरावर खडूच्या खुणा.
फाटक ते कारंजं, चारशे बारा पावलं, बावीस मिनिटं.
खूण चारला मोर. खूण नऊला गतिरोधक:
तिथं ढोल वाजवायचा, म्हणजे चाकाचा आवाज झाकतो.

पुढचे पाय शीतल मगदूम, मागचे तौफिक.
दोघांचं पटत नाही, का ते मी विचारलं नाही.
शीतलची टांग लांब; हत्ती मधेच ताणला जायचा,
कुशीची शिवण उसवायची,
गोकुळाक्का दाभण घेऊन चालत्या हत्तीमागं पळायची.
(तमाशाच्या फडाचे शालू शिवलेत तिनं,
पळत्या अंगावर टाका घालायची सवय जुनी.)
शेवटी दोघांचे पाय एका सुतळीनं बांधून
चार दिवस यार्डात फिरवले,
हमाल पोती खाली ठेवून बघत राहिले.
आता चहाला पण दोघं एका तालात येतात.
बोलत मात्र नाहीत.

शनिवार. सहा सत्तेचाळीस. खूण अकरा.
वीज गेली.
स्पीकर शब्दाच्या मध्यावर गप्प झाला,
मोराचा पिसारा अर्धा उघडा, अर्धा मोटारीत,
लोक खिशात मोबाईल चाचपू लागले.
जनरेटरवाला वॉकीवर कुणाच्या तरी आईला आठवत होता.

आणि अंधारात कान हलत राहिला.
तारेला वीज लागत नाही, नुसतं तौफिकचं बोट लागतं.
सप्प. सप्प.
पाखडल्यासारखं काहीतरी, दाणे नसलेलं.
आतून कुजबुज आली, अगदी बारीक, "एक... दोन..."
शीतल मोजत होता, आणि मागून "तीन" आला.
कठड्यापाशी एक पोर म्हणालं,
"आई गं, श्वास घेतोय."

माझ्या ओठावर पुढची खूण तयार होती.
वीस वर्षांत पहिल्यांदा
अडलेल्या वाक्याला मी शब्द दिला नाही.

दिवे आले. वही उघडून लिहिलं:
विलंब १ मि. ४० से. कारण वीज.
बाकीचं त्या रकान्यात मावत नव्हतं.

रात्री नळावर दोघं पाठ चोळत होते,
पाणी मोरीपर्यंत पिवळं जात होतं.
शीतलची आई घ्यायला आलेली, म्हणाली,
"कुणाची रे हळद आज?"
तौफिक पहिल्यांदा हसला. शीतलनं त्याच्याकडं साबण फेकला.

खाली जागा उरली होती, म्हणून लिहिलं:
उद्या चारला या. डाव्या कानाला तेल.